म्हसोबामागचं पिंप

दारूचा वास मी लहानपणापासून ओळखते. माझा चुलता प्यायचा. गुळाची, मोहाची, मिळेल ती. प्यायला की अंगणात उभा राहून सगळ्या आळीचा उद्धार करायचा आणि सकाळी उठून मुकाट वैरण कापायला जायचा. म्हणून माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी वडिलांना एकच सांगितलं होतं, मुलगा काळा असू दे, बुटका असू दे, पिणारा नको. वडिलांनी माझं ऐकलं. नवरा मिळाला तो सुपारीसुद्धा न खाणारा. आणि त्याच्याबरोबर साताऱ्याकडून पिंपरीला संसार मांडायला आले ती कुठे, तर दारूच्या पिंपाला पाठ लावून बांधलेल्या खोलीत. आता काय बोलायचं यावर.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. पिंपरीला तेव्हा आजच्यातलं काही नव्हतं. स्टेशन होतं, नदी होती, ज्वारीची रानं होती, फाळणीत आलेल्या सिंधी लोकांच्या बराकी होत्या, आणि मधेच एका नव्या कारखान्याचा पाया खणून ठेवलेला होता. त्या कारखान्यात बॉयलर बसवायला एक साहेब आले होते. स्कॉटलंडचे. त्यांना कुणी इंग्रज म्हटलं की त्यांचं नाक लाल व्हायचं, मग दिवसभर ते कुणाशी धड बोलायचे नाहीत. आमचे हे त्यांच्या बंगल्यावर रखवालदार होते.

बंगला म्हणायचा आपला. दगडी तीन खोल्या आणि वर पत्रा. मागे एक कोठी, तिच्यावरही पत्रा, आणि कोठीच्या भिंतीला टेकून आमची खोली. कोठीच्या मागच्या अंगाला बाभळीखाली म्हसोबा होता. कमरेएवढा दगड, पुढून शेंदूर फासलेला. कोठीचा झरोका बरोब्बर त्याच्या डोक्यावर उघडायचा. कुणी मुद्दाम तसा ठेवला नव्हता. म्हसोबा तिथे आधीपासून होता, कोठी नंतर आली.

ती सगळी जमीन पूर्वी ज्यांची होती ते म्हातारे गृहस्थ गावातच राहायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. जमीन गेली त्याचे पैसे त्यांना मिळाले होते, पण देव कसा विकणार? त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं होतं की म्हसोबाकडे कुणी पायताण घालून यायचं नाही. साहेबांनी ते इतकं मनावर घेतलं की कोठीच्या मागे ते कधी गेलेच नाहीत. बूट काढायची त्यांना सवय नव्हती आणि देवाचा अपमान त्यांना करायचा नव्हता. पुढे जे झालं ते निम्मं या एका चांगुलपणामुळे झालं असं मला वाटतं.

आता पिंपाचं सांगते. ते कोठीत दोन ओंडक्यांवर आडवं ठेवलेलं होतं. जाड लाकडाचं, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं. साहेब इकडे आले तेव्हा बोटीनं बरोबर घेऊन आले होते. त्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली. साहेबांनी कुठेकुठे खेटे घालून ते पिंप ठेवायची परवानगी मिळवली, पण उघडायची नाही. दारूबंदी खात्याच्या माणसांनी येऊन वरच्या बुचावर लाख ओतली, शिक्का मारला आणि कोठीची किल्ली रखवालदाराकडे दिली, म्हणजे आमच्या यांच्याकडे. खात्याचे इन्स्पेक्टर मधून मधून तपासायला यायचे.

तपासायची रीत मला फार आवडायची. शिक्का मोडायचा नाही, मग आत किती आहे हे कसं कळणार? साहेबांनीच ती रीत दाखवली होती. पिंपाच्या चपट्या बाजूवर लाकडी हातोडीनं वरून खाली ठोकत यायचं. रिकामं असतं तिथे ठण वाजतं, दारू लागते तिथे आवाज बसतो. जिथे बसला तिथे खडूनं आडवी रेघ मारायची. पहिली रेघ निम्म्याच्या बरीच वर होती.

साहेबांना उघडायचीच नव्हती ती. का, ते त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. संध्याकाळी ओट्यावर चहा नेऊन दिला की ते आपल्या मोडक्या हिंदीत बोलत बसायचे. त्यांच्या गावात एकच भट्टी होती आणि वडील त्या भट्टीवर कामाला होते. भट्टी म्हटल्यावर मला ओढ्याकाठचं मडकं आणि गवताखाली लपवलेली नळी आठवली. साहेब हसले. म्हणाले, आमच्याकडे जव भिजवतात, फरशीवर पसरतात, लाकडी फावड्यांनी उलथत राहतात, आणि मोड आले की धुरावर वाळवतात. मोड आणायचे म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको होतं, पण धूर कशाचा? तर दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवायची आणि गोवऱ्यांसारखी जाळायची. माती जळते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग तांब्याचे खोलीएवढे हंडे, लांब मानेचे, त्यात दोनदा उकळी. हंडा झिजला की नवा घडवतात, पण जुन्याला पोचा असला तर नव्यालाही तिथेच पोचा ठोकतात. चव बदलू नये म्हणून. हे ऐकून मला साहेबांच्या गावाबद्दल एकदम आपलेपणा वाटला, कारण माझी सासूही मोडक्या कानाची कढई टाकू देत नव्हती.

हंड्यातून पडते तेव्हा ती पाण्यासारखी असते म्हणे. रंग लाकूड देतं, आणि वर्षं देतात. कोठारं थंडगार, खाली मातीची जमीन, पिंपं ओळीनं झोपवलेली. बाजारात मिळते ती बहुतेक दहा भट्ट्यांची मिसळलेली असते. ही एकाच भट्टीची, दुसऱ्या कशाचा थेंब नाही. ज्या दिवशी साहेबांना मुलगा झाला त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी नातवाच्या नावानं हे पिंप भरलं होतं. नातवाच्या लग्नात उघडायचं होतं. नातू लढाईत गेला. ब्रह्मदेशाच्या जंगलात त्याची तुकडी शिरली आणि हा परत आला नाही. मेल्याची खूण मिळाली नाही, जिवंत असल्याचीही नाही. साहेबांची बायको त्या दुःखात गेली. मग साहेब पिंप घेऊन इकडे आले. जंगलातून निघाला तर तो या बाजूला निघेल, आणि निघाला की पहिला घोट त्याला इथे मिळायला हवा, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. वेड्याला वेडा म्हणायला तोंड लागतं, बापाला कसं म्हणणार.

त्या दिवशी आबाही म्हसोबाला आले होते, ओट्याखाली टेकले होते. साहेब म्हणाले की पिंप कितीही घट्ट असलं तरी लाकडातून थोडी दारू दर वर्षी उडतेच. अगदी थोडी. तिकडचे लोक म्हणतात, ती देवदूत पितात.

"देवदूत तिकडं," आबा म्हणाले. "हितं म्हसोबा हाय."

मग त्यांनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. म्हसोबाला दर अमावास्येला दारूची धार द्यायची त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची चाल होती. दारूबंदी आल्यापासून ती तुटली होती. हातभट्टीची लपूनछपून मिळत होती, पण पोलिसांच्या भीतीनं आणलेली दारू देवाला द्यायला आबांचं मन घेत नव्हतं. देव तहानलेला राहिलाय, म्हणाले, आणि तहानलेला देव बरा न्हाई. साहेबांनी मान हलवली. मी चहाचे कप उचलले. आमचे हे मात्र त्या रात्री नीट जेवले नाहीत, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

उन्हाळा लागला आणि मला ते पिंप ऐकू यायला लागलं. दुपारी हे गेटवर असायचे, साहेब कामावर, आणि मी खोलीत एकटी. पत्रा तापून कडकड करायचा, ते वेगळं. भिंतीपलीकडून टक्‌ असा आवाज यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग कुणीतरी पाणी पिऊन भांडं खाली ठेवावं आणि श्वास सोडावा तसं काहीतरी. आणि त्यामागून वास. चुलत्याच्या तोंडाचा वास नव्हता तो. मनुका, धूर, ओली माती, जुना गूळ, असं सगळं मिळून. झरोक्यातून बाहेर पडून तो म्हसोबावरून फिरून माझ्या दारातून आत यायचा. मी भुताखेतांना मानणारी नव्हे. पण दारात उभी राहून मी एकदोनदा विचारलंसुद्धा, कोण आहे रे तिकडे, म्हणून.

माझी वाळत घालायची दोरी कोठीच्या मागेच होती. धुतलेल्या लुगड्यांवर काळे ठिपके दिसायला लागले. आधी मी कारखान्याला शिव्या घातल्या, मग आठवलं की कारखान्याचं धुराडं अजून उभंच राहिलेलं नाही. बाभळीचं खोड काळं पडलं होतं. कोठीची भिंत झरोक्याखाली काजळी धरल्यासारखी काळी, आणि घासली तरी पुन्हा तशीच. म्हसोबाला हे दर अमावास्येला पुढून शेंदूर लावायचे, पण कोठीकडचा त्याचा गाल आणि तोंडाखालचा भाग काळाकुट्ट होत चालला होता. आबांना दाखवलं तर ते हात जोडून उभे राहिले आणि तसेच घरी गेले. गावात कुजबुज सुरू झाली. संध्याकाळनंतर दूधवाला आमच्याकडे यायचा बंद झाला. त्याचं दूध पातळच होतं, तरी मला ते लागलं, कारण मला तेव्हा दिवस गेले होते.

पावसाळा संपल्यावर इन्स्पेक्टर आले. त्यांनी ठोकायला सुरुवात केली आणि ठण ठण ठण असा आवाज खाली खालीच येत राहिला. आधीच्या रेघा मागे पडल्या. जिथे आवाज बसला तिथे त्यांनी रेघ मारली आणि मग हातोडी खाली ठेवून आमच्या यांच्याकडे बघितलं. लाखेचा शिक्का जसाच्या तसा होता.

साहेबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. देवदूत किती पितात ते त्यांना पक्कं माहीत होतं, सगळं लहानपण त्यांनी तसल्या कोठारांमध्ये काढलं होतं. इतकी दारू उडायला त्यांच्या गावी माणसाचं अर्धं आयुष्य जावं लागतं. उडणं शक्यच नव्हतं, म्हणजे चोरी. आणि शिक्का न मोडता कशी चोरतात तेही त्यांना माहीत होतं: लोखंडी पट्टी वर सरकवायची, तिच्याखाली बारीक भोक पाडायचं, काढून झालं की खुंटी मारून पट्टी पुन्हा खाली. त्यांच्या वडिलांच्या भट्टीवरचे गडी हेच करायचे. साहेबांनी पट्ट्या तपासल्या. भोक नव्हतं. पण एका फळीच्या सांध्याशी ओल होती आणि तिथली धूळ पुसलेली होती. मग इन्स्पेक्टरच्या शिपायानं कोठीच्या कोनाड्यातून एक डबी काढली. आत कापसाचे बोळे, आणि त्यांना दारूचा वास.

त्या दुपारी हे खोलीत आले, माझ्यासमोर खाली बसले आणि तोंड उघडून म्हणाले, घे वास. मी घेतला. कांदा-भाकरीचा वास होता. मी म्हटलं, मग डबी कसली? ते उठून गेटवर गेले.

दारूबंदीचा कायदा तेव्हा कडक होता. रखवालदारानं पिंप फोडलं म्हणजे सरळ तुरुंग. माझं पोट बऱ्यापैकी दिसायला लागलेलं, माहेरी आई नाही, सासू आजारी. यांना नेलं तर मी त्या ओसाड माळावर काळ्या भिंतीशेजारी एकटी कुठे आणि कशी बाळंत होणार होते? रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. यांचा, साहेबांचा, त्या पिंपाचा.

आबा मधे पडले म्हणून त्या दिवशी लगेच नेलं नाही. आबा म्हणाले, गडी देवभोळा हाय, त्याला म्हसोबाम्होरं बेलभंडारा उचलू द्या. मी एक थेंब घेतला न्हाई एवढं त्यानं बेलभंडारा उचलून म्हटलं की आमी मानू, गाव मानंल. आणि खोटा उचलला तर वर्साच्या आत काय ते दिसंल, तुमच्या कायद्याची गरज पडनार न्हाई. इन्स्पेक्टरही इकडच्याच मातीतले. त्यांनी विचार केला आणि हो म्हणाले. साहेबांना मी कधी नव्हे ते समोर जाऊन समजावलं, बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवापुढे घेतलेली शपथ आमच्याकडे कुणी खोटी घेत नाही. साहेब म्हणाले, तो उचलेल तर मी विश्वास ठेवीन. माझा जीव भांड्यात पडला. यांनी काही घेतलं नाही हे मला माहीत होतं, मग उचलायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कोठीच्या मागे जमले. साहेब मात्र कोपऱ्याशीच थांबले, बूट घालून. आबांनी पानावर भंडारा ठेवून पुढे केला. यांनी हात पुढे नेला आणि मागे घेतला.

"एक थेंब घेतला नाही असं मला म्हणता येणार नाही," हे म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आबांचं ते तहानलेल्या देवाचं बोलणं यांच्या मनाला लागलं होतं. सांध्याशी ओल येते ती दर अमावास्येला कापसानं टिपायची आणि बोळा म्हसोबाच्या ओठांना लावायचा. बस. धार नाही, थेंबसुद्धा नाही म्हणा, नुसती ओल. पण घेतली तर होती, आणि म्हसोबाला ती माहीत होती. त्याच्याच पुढे उभं राहून त्याला कसं फसवायचं, असं हे म्हणाले.

इन्स्पेक्टरनी शिपायाकडे बघितलं. कबुली झाली होती. बोळ्यानं पिंप रिकामं होत नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण कबुली ती कबुली. शिपाई यांचा दंड धरायला पुढे आला, आणि माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की मी शिपायाला बाजूला सारलं आणि सरळ म्हसोबासमोर जाऊन उभी राहिले.

"याला धरा," मी ओरडले. "सगळं हा प्यालाय. बघा याचं तोंड, काळं झालंय पिऊन पिऊन. याला न्या तुरुंगात."

आणि नखांनी मी त्याच्या गालावरचं काळं ओरबाडलं. आबांनी कानांवर हात ठेवले. मागून मला कसला तरी आवाज आला, वळून बघते तर साहेब खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. गाठी सुटेनात. शेवटी त्यांनी ते ओढूनच काढले आणि मोज्यांनिशी चालत आले. माझ्या नखांमधलं काळं पाहिलं. म्हसोबाचा गाल बोटानं पुसून वास घेतला. मग भिंत, मग झरोका, मग बाभळीचं खोड, एकेक हातानं चाचपत गेले, आंधळा माणूस घर ओळखतो तसे. आणि परत येऊन म्हसोबासमोर मातीत बसले.

त्यांच्या गावात सगळं असंच काळं आहे, ते म्हणाले. कोठारांच्या भिंती, शेजारची झाडं, शाळेचं छप्पर, कबरींचे दगड. पिंपातून जी दारू उडते ती हवेत जाते, आणि तिच्यावर ही काळी बुरशी वाढते. जिथे हे काळं असतं तिथे हवा दारू पीत असते. चोरीची दारू भिंत काळी करत नाही. तिकडे थंडीत हवा हळू पिते. इथे तापलेल्या पत्र्याखाली ती ढोसत होती. एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती, कारण ऊन कसं असतं ते त्यांच्या पिंपाला आणि त्यांना ठाऊकच नव्हतं. ते यांच्याकडे बघून पुन्हा पुन्हा माफी मागत होते. मला हसू फुटलं. सुटलो, मी म्हटलं.

कसलं सुटतोय. इन्स्पेक्टरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, साहेब, तुम्ही सांगता ते खरं असेल, पण हवेला अटक करता येत नाही. दारू कमी आहे, कोण प्यालं ते मला वर कळवावं लागेल, आणि हवा प्याली असं लिहिलं तर वरचे मलाच विचारतील, तू किती प्यालास. इथे एक माणूस कबूल झालेला आहे.

साहेब मातीतच बसलेले होते. त्यांनी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या पोटाकडे. बराच वेळ बघत होते. मग उठले आणि आबांच्या हातातलं बेलाचं पान उचललं.

"हम पिया," साहेब म्हणाले. "सब हम पिया."

आमचे हे धावले. त्यांचा हात धरून म्हणाले, साहेब, ठेवा ते, खोट्या शपथेचं काय होतं तुम्हाला माहीत नाही. पण माहीत होतं त्यांना. मीच आदल्या दिवशी चांगलं समजावून सांगितलं होतं. त्यांनी यांचा हात सोडवला, भंडारा मुठीत घट्ट धरला आणि तेच पुन्हा म्हणाले, या वेळी म्हसोबाकडे बघून. पिवळी हळद त्यांच्या बोटांमधून खाली गळत होती. ज्या माणसानं मुलासाठी ठेवलेल्या त्या दारूला जीभ लावली नव्हती, तो ती सगळी स्वतःच्या अंगावर घेत होता. माझ्या पोरासाठी. मी त्यांच्या पाया पडले नाही, मला सुचलंच नाही.

परवानगी मोडून प्याले म्हणून साहेबांची नोकरी गेली आणि देश सोडायचा हुकूम आला. उरलेली दारू खात्यानं जागेवर नष्ट करायची होती. साहेबांनी एवढंच मागितलं की ओतायची जागा मी सांगेन. मग पिंप कोठीतून मागे लोटत म्हसोबासमोर आणलं, लाख फोडली, बूच काढलं आणि ते कलतं केलं. कातासारखी गडद धार लागली. मुलगा जन्मला त्या दिवसापासून मुरत आलेली ती दारू म्हसोबाच्या पायाशी ओतली गेली आणि मातीनं ती अशी पिऊन टाकली की डबकंसुद्धा झालं नाही. साहेब टोपी हातात धरून, अनवाणी उभे होते. आपल्या भाषेत ते कुणाशी तरी हळू बोलत होते. त्यात त्यांच्या मुलाचं नाव होतं, ते मी ओळखलं. आबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी पदर नाकाला लावला होता, पण वास पदरातूनही येत होता.

साहेबांची काही बातमी पुढे कधीच आली नाही. पोहोचले की नाही, वर्षाच्या आत काही झालं का, मुलगा कधी निघाला का त्या जंगलातून, काही नाही. मला मुलगी झाली. कारखाना उभा राहिला, कोठी पाडली, बाभूळ गेली. हे त्याच कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. दर अमावास्येला न चुकता ते म्हसोबाला नारळ फोडायचे आणि एकच मागायचे, शपथ साहेबांनी माझ्यापायी उचलली, फळ यायचं असेल तर माझ्यावर येऊ दे. मी त्यांची थट्टा करायची. ते गेल्यापासून मी जाते.

आता त्याला फरशा बसवल्या आहेत, वर पत्र्याची शेड आहे, पलीकडून दिवसभर ट्रक जातात. तिथे पिंप नाही, भिंत नाही, कोस-कोसभर कुणाची भट्टी नाही. तरी म्हसोबाचा तो गाल अजून काळा आहे. गुरव म्हणतो, गाड्यांचा धूर, आजी. असेल. मी नारळ फोडते आणि त्याच्या काळ्या बाजूला उभी राहून त्याला हळूच सांगते, कारण मोठ्यानं बोललं तर लोक बघतात. एका बापानं पोरासाठी ठेवलेलं सगळं तू पिऊन बसलास. आता त्या बापाला तरी सोड.